चिमणीमागचं शेत

अलिबागहून रेवदंड्याला आमच्या साहेबांबरोबर रिक्षाने जायचं म्हटलं की वेळेवर पोचायची आशा मी आधीच सोडून द्यायचे. वाटेत कुठल्यातरी वाडीशी ते चालकाच्या खांद्यावर टकटक करायचे, "थांबव रे जरा," आणि रिक्षा पुरती थांबायच्या आत त्यांचा एक पाय रस्त्यावर असायचा. मग कुणाच्याही अंगणात बेधडक शिरून ते गच्चीकडे बोट दाखवायचे. आमच्याकडे घर बांधताना स्लॅबच्या वर खांबांचे लोखंडी गज तसेच उभे सोडतात. पोरगा मुंबईत कमवायला लागला की वर मजला चढवायचा, हा हिशोब. बहुतेक मजले चढत नाहीत आणि गज मात्र खाऱ्या वाऱ्यात गंजत राहतात. साहेबांना ते बघवत नसे.

"मालक, मजला कधी चढवणार?"

"बघू, नंतर," असं समोरचा म्हणाला की संपलंच.

"नंतर म्हणता आणि गज सडवता? खरवडा ते, सिमेंटचं पाणी मारा. नाहीतर सरळ कापून टाका आणि मजल्याचं नाव सोडा. वर पोरगा मजला चढवेल आणि खाली खांब फाटेल!"

मालक भांबावून माझ्याकडे बघायचा आणि मी माडांकडे. एका घरी त्यांच्यावर कुत्रं सोडलं होतं. तरी पुढच्या खेपेला त्याच घरासमोर रिक्षा थांबवून त्यांनी गज तपासले. पंचक्रोशीत त्यांचं नाव 'गजवाला सायब' पडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

मी म्हसळ्याची. आजोळ खाडीकाठचं, रेवदंड्याच्या वरच्या अंगाला. तिथेच एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजघराचं काम निघालं, तेव्हा डिप्लोमाच्या जोरावर मी नकाशा विभागात लागले. साहेब त्या विभागाचे प्रमुख. उभं आयुष्य नागपूरकडच्या वीजघरांत काढून, निवृत्तीनंतर करारावर इकडे आले होते. रेवदंड्यात कोळीवाड्याच्या तोंडाशी खोली घेऊन राहायचे. माणूस पक्का शाकाहारी आणि खिडकीसमोर घरमालकिणीने बोंबील वाळत घातलेल्या वलांडी. पहिल्या आठवड्यात त्यांनी तक्रार केली, तेव्हा ती बाई म्हणाली, "सायब, बोंबील आदीपासून हायत. तुमी मागनं आलाव." साहेबांनी तक्रार तिथेच सोडली आणि पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये हे वाक्य नियम म्हणून सांगू लागले. आधी कोण, मागून कोण, आणि मागून येणाऱ्याला कुठे बसवायचं, हाच त्यांच्या डोक्यातला भुंगा होता.

कारण त्यांचं काम होतं जे बांधायचं नाही त्याचा आराखडा करायचा. वीजघर कोळशाचं. त्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा काढून, दाबून, नळीने दुसरीकडे न्यायचा, आकाशात सोडायचा नाही, अशी यंत्रणा असते. ती महाग, शिवाय वीजघराचीच वाफ आणि वीज पिऊन चालणारी, म्हणून आज सहसा कुणी बसवत नाही. पण उद्या कायदा आला, किंवा यंत्रणा स्वस्त झाली, तर बसवता आली पाहिजे. त्यासाठी आजच चिमणीच्या पाठीशी ऐसपैस जागा राखायची, धुराच्या मोठ्या नळकांड्याला एक बंद तोंड ठेवायचं, टर्बाइनच्या वाफेच्या नळीला एक जोड देऊन त्यावर झाकण ठोकायचं. थोडक्यात, वर गज सोडायचे. कंपनीने मंजुरी घेताना हे कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं विसरायची तयारीही त्याच दिवसापासून चालू होती.

"जागा काय, कुणीही सोडेल," साहेब म्हणायचे. "जोड सोडायला अक्कल लागते. आणि सोडलेली जागा सांभाळायला नुसती अक्कल पुरत नाही, हट्ट लागतो."

हट्ट त्यांच्याकडे पोत्याने होता. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर नवी मुंबईचा, तरुण, सदा घाईत. दर मीटिंगला नकाशा पसरला की त्याचं बोट नेमकं चिमणीच्या मागच्या कोऱ्या चौकोनावर जायचं. "सर, ये प्लॉट खाली है ना? इथे कॉन्ट्रॅक्टरचं यार्ड टाकू. बाद में हटा देंगे." साहेब आपला स्टीलचा जेवणाचा डबा उचलून त्या चौकोनावर ठेवायचे.

"सर, डबा उचला ना, खालचं दिसत नाहीये."

"खाली काही नाही. आणि ते 'काही नाही' मला तसंच हवंय."

त्यांचा आवाज चिडल्यावर चढत नसे, उतरत जायचा. सगळ्यात जास्त चिडले की इतके हळू बोलायचे, की मॅनेजरला पुढे वाकून ऐकावं लागे. मला ते 'बेटा' म्हणायचे. 'मॅडम' म्हणाले की समजायचं, आज काही खरं नाही.

या हट्टाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांनी आखलेल्या एका वीजघरात पुढे धूर स्वच्छ करायचं यंत्र बसवायची पाळी आली. चिमणीपाशी जागाच नव्हती. कँटीन होतं, स्टोअर होतं, सायकल स्टँड होता. बराच काळ नुसती पत्रं फिरली, यंत्र बसलंच नाही आणि आसपासची गावं ती राख आणि तो धूर खात राहिली. "ते कँटीन नकाशात मीच काढलं होतं तिथे," साहेब म्हणाले. "जवळ पडतं म्हणून. चहा गरम मिळायचा." एवढं बोलून ते कामाला लागले.

त्यांच्यावर माझी भक्ती होती म्हटलं तरी चालेल. ती एका दुपारी तुटली.

नकाशावर नव्याने गावच्या जमिनींचे नंबर चढवले होते. जेवायची वेळ झाली म्हणून साहेबांनी त्या चौकोनावरचा डबा उचलला, आणि खालचा नंबर मला लहानपणापासून पाठ होता. माझ्या मामाचं शेत. आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या खारीत, खाडीला बांध घालून केलेल्या भातजमिनीत, कूळ म्हणून राबले आणि शेवटी तेवढा तुकडा त्यांच्या नावावर झाला. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर नाव लागलेला तो पहिला माणूस. त्या दिवशी त्यांनी गावभर गूळ वाटला होता, असं आई सांगायची.

मी धीर करून विचारलं, "साहेब, ही जागा जरा खाडीकडे सरकवता येईल?"

"का?"

"माझ्या मामाचं शेत आहे हे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ नकाशा पाहिला. मला आशा वाटली, खोटं कशाला बोलू?

"नाही बेटा. धुराचं नळकांडं एसटी जाईल एवढं रुंद असतं. ते लांब न्यायचं तर खर्च इतका होतो, की पुढे कुणीही ते बांधणार नाही. सरकवलेली जागा फक्त कागदावर राहील."

"म्हणजे तुमच्या एका 'कदाचित'साठी माझ्या मामाचं शेत जाणार?"

"हो," ते म्हणाले.

नुसतं 'हो'. त्यात 'पण' नाही, 'बघू' नाही. मला त्या माणसाचा असा संताप आला, की त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रिक्षाने गेले नाही, तापलेल्या रस्त्याने चालत निघाले.

मग गावाची बैठक झाली, शाळेच्या पटांगणात. मंडपात कंपनीची माणसं खुर्च्यांवर, गाव सतरंजीवर. मी कुठे बसू हे मला कळेना. शेवटी खुर्च्यांच्या मागे उभी राहिले. मामा पुढेच होता, धुतलेला सदरा घालून. तो मुळात शांत माणूस; त्या दिवशी मात्र सगळ्यांत आधी तोच उठला.

"चिमनीला जागा लागते, समजलं. कोळशाला लागते, ती पन समजली. पन चिमनीच्या मागं माज्या शेतात काय बांधनार, ते कुनी सांगत न्हाय."

कंपनीच्या माणसाने माईक घेतला. "भविष्यातला विस्तार, विकास..." वगैरे सुरू झालं. तेवढ्यात साहेब उठले. माईक त्यांनी घेतला नाही, मागितलाही नाही.

"काही बांधणार नाही," ते म्हणाले.

मंडपात एकच गलका झाला. "मंग घेताव कशाला?" "चेष्टा करताव काय गरिबाची?" मागच्या बाजूने कुणीतरी चप्पल उगारली. मॅनेजर साहेबांचा शर्ट ओढत होता, "सर, बैठो, सर प्लीज." साहेब बसले नाहीत. गलका ओसरेपर्यंत उभे राहिले आणि मग त्यांनी मास्तर मुलांना सांगतात तसं सगळं सांगितलं. धूर काय, त्यातला वायू काय, यंत्रणा आज का नाही आणि उद्या का लागेल. लोकांना किती कळलं, कोण जाणे. मामाला कळलं.

"कवा बांधनार?"

"माहीत नाही. कदाचित माझ्या हयातीत नाही."

"मंग तवर माज्या शेतात काय करनार?"

साहेबांनी एवढा सगळा आराखडा केला होता, नळकांडी, जोड, झाकणं. पण मधल्या वर्षांत त्या मातीत काय असणार, याचा विचारच त्यांनी केला नव्हता. त्यांच्या लेखी ती जागा म्हणजे कोरा चौकोन होता. बैठक उधळली. जमिनी जायच्या त्या गेल्याच. मोबदला मिळाला, मामाचं नाव उतरलं, आणि माझं आजोळी जाणं बंद झालं. मामाने मनाई केली नव्हती, मलाच तोंड दाखवायला जमेना.

एक दिवस साहेब म्हणाले, "मॅडम, मला तुमच्या मामांकडे घेऊन चला." नेलं. मामा पडवीत बसला होता. त्याने 'या' म्हटलं नाही. साहेब उभ्यानेच बोलले. कंपनीशी भांडून त्यांनी एक गोष्ट लिहून घेतली होती. यंत्रणा येईपर्यंत त्या जागेत मामाने भात लावायचा, पीक सगळं त्याचं.

मामा उठला. "माजंच शेत मला कसायला देताव? कूळ म्हनून? माजा बाप कूळ होता, सायब. मी न्हाय होनार."

"तसं नाही हो..."

"तसंच हाय!"

मी मध्ये पडायला गेले तर मामा म्हणाला, "बाय, तू गप ऱ्हा. तू त्यांची हायस." ते शब्द मला अजून टोचतात. साहेब मान खाली घालून वळले. तेव्हा आतून मामी आली, पदराला हात पुसत. तिला साहेबांशी देणंघेणं नव्हतं, ती नवऱ्याशीच बोलली.

"पडीक टाकलंव तर बांदाकडं कोन बगनार? एक बांद फुटला का खाडी आत येल, आपल्या शेतात न् शेजाऱ्याच्या पन. मंग ती जमीन कुनाचीच न्हाय. राग धरा, नको कोन म्हनतो? पन लावनी करा."

मामाने त्या वर्षी लावणी केली. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याने नियम काढला, की प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत हेल्मेटशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हणून मामी आणि चार बायका पिवळी हेल्मेटं घालून, गुडघाभर चिखलात ओणव्या, रोपं लावत होत्या. हेल्मेट सारखं घसरून चिखलात पडायचं आणि बायका हसून हसून बेजार. साहेब बांधावर छत्री घेऊन उभे. त्यांनी पहिल्यांदाच त्या चौकोनाला रंग आलेला पाहिला असावा. मला म्हणाले, "बेटा, नकाशात तिथे 'राखीव' लिहिलंय ना? त्याखाली 'भात' लिही." मी लिहिलं.

पण मॅनेजरचं बोट काही तिथून हटलं नव्हतं. काम वाढलं, कॉन्ट्रॅक्टरला यार्ड हवं होतं, आणि साहेब नागपूरला गेलेले पाहून त्याने हुकूम दिला, की चिमणीच्या मागे मुरूम टाकून भराव करा. सकाळीच डंपर रांगेने आत आले. मी धावत गेले. मामा आधीच शेतात उभा होता, चिखलात, लोंब्या नुकत्या बाहेर पडू लागलेल्या भाताच्या मधोमध. नुसता उभा. पहिला डंपर मागे मागे येत बांधाला लागला, त्याचं ते कर्कश पीं पीं चालूच. मी साहेबांना फोन लावला, तो लागेना.

डंपर थांबला. चालक तळा तालुक्यातला होता. दार उघडून तो खाली उतरला, त्याने शेताकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं.

मॅनेजर खेकसला, "रुका क्यों? खाली कर!"

"न्हाय करनार."

"क्यूँ? जमीन कंपनीची आहे!"

"जमीन आसल तुमची. भात पोटात आलाय, लोंब्या फुटाय लागल्यात. उभ्या पिकावर माती टाकत न्हाईत, सायेब. दुसरा कोन टाकतो तर बगा."

मॅनेजर रांगेतल्या दुसऱ्याकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. कुणी मान हलवली, कुणी विडी पेटवली. एकानेही गाडी पुढे घेतली नाही. तो मुरूम शेवटी रस्त्याला पडला.

साहेब परत आले तेव्हा त्यांना मी हे सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. पण ते एवढंच म्हणाले, "मंजुरीचा कागद असून जे झालं नसतं, ते भाताने केलं." त्यांनी वरपर्यंत तक्रार केली. यार्ड दुसरीकडे गेलं आणि वर्षअखेरीला साहेबांचा करारही गेला. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. डबा घेऊन, रिक्षात बसून ते निघून गेले, आणि वाटेत त्यांनी कुणाचे तरी गज तपासले असणार, याची मला खात्री आहे.

वीजघर चालू झालं. चिमणीने धूर सोडला आणि तिच्या पाठीशी दर पावसाळ्यात मामाचं भात उभं राहिलं. आणि मग गेल्या वर्षी, ज्याची वाट बघायची आम्ही सगळेच विसरलो होतो, ते आलं. धुरातला वायू काढायची यंत्रणा बसवायची ठरली. मी आता त्याच विभागात बऱ्यापैकी वर आहे. नकाशा माझ्या टेबलावर आला. जागा तयार, नळकांड्याचं तोंड तयार, वाफेचा जोड तयार. बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, इतकं सोपं काम आम्हाला कुठे मिळालं नाही. सध्याचं पीक कापून होऊ द्यायचं, पुढे लावणी नाही, एवढं ठरलं.

मी साहेबांना फोन केला. म्हातारा नाचेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मामांना सांगितलं?"

"मी सांगणार आहे."

"तू नको. मी येतो."

आले. पाय सुजलेले, काठी हातात, लेकीने बरोबर पाठवलेली औषधांची पिशवी. एवढा प्रवास त्या तब्येतीत कुणी करू नये. मामाच्या पडवीत बसले, पाणी प्याले. मग मामीचे गुडघे, मामाचा खोकला, बांधाची डागडुजी, सगळं विचारून झालं. जे सांगायला आले होते तेवढं सोडून. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले ते हाताशी आलं होतं आणि ते त्यांना उच्चारवत नव्हतं.

"सायब, बोला आता," मामा म्हणाला. "मोजनीवाले येऊन गेले. चुना मारून गेले. मला दिसतंय."

"बांधणार आहेत," साहेब म्हणाले. आवाज इतका उतरला होता, की मामाला पुढे वाकावं लागलं.

"व्हय. तुमच्या मनासारकं झालं."

"झालं."

मामा उठून पडवीच्या कडेला गेला. तिथून शेत दिसतं. लोंब्या भरल्या होत्या. पाठ फिरवूनच तो बोलला, "तुमी खोटं बोलला आसताव ना सायब, तर बरं झालं आसतं. तुमाला शिव्या तरी देता आल्या आसत्या."

"मग द्या," साहेब म्हणाले.

मामा वळला. "काय?"

"द्या ना. नुसतं सांगायचं असतं तर फोनवर सांगितलं असतं."

मामाने त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग तो सुटला. माझ्या जन्मात मी त्याच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या, असल्या शिव्या. साहेबांच्या चिमणीला, त्यांच्या धुराला, नकाशाला, सात पिढ्यांना. 'तुमी'वरून 'तू'वर आला, 'तू'वरून 'मेल्या'वर. आजोबांचं नाव घेऊन रडला आणि रडता रडता शिव्या दिल्या. शेजारचे दारात आले. मामी "अवो, पुरे, म्हातारा मानूस हाय," म्हणून मध्ये यायला लागली, तर साहेबांनीच हात वर करून तिला थांबवलं. ते ताठ बसून ऐकत होते. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं तरी त्यांनी ते पुसलं नाही.

मामाचा आवाज बसला. तो खांबाला टेकून खाली बसला, धापा टाकत. मग घसा खाकरून तो मामीला म्हणाला,

"सायबांना हात धुवायला पानी दे. जेवायची वेळ झाली."